आई कामावर, मूल कोणाच्या हाती?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणीतरी विदुषी बोलवावी असा रिवाज आहे. यंदा चिटणीसबाईंनी तो मोडला आणि मला उभे केले. मी विदुषी नाही. औषधांच्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात मी पंचवीस वर्षे काढली. कुप्यांवर लेबले लावणारे हात आहेत हे. तेव्हा व्याख्यानाची अपेक्षा कोणी ठेवू नये. चार अनुभवाच्या गोष्टी सांगते, आणि शेवटी मंडळाकडे एक मागणे मागते.

विषय दिला आहे, ‘आईची नोकरी आणि मुलांचे संगोपन’. हा विषय आपल्याकडे निघाला की लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, बायका पैशाच्या मागे लागल्या आणि मुले वाऱ्यावर सोडली. दुसरा तट म्हणतो, घरात बसून का मुले घडतात? गेल्या हळदीकुंकवाला याच दालनात हा वाद इतका रंगला की तिळगूळ खाऊनही तोंडे गोड झाली नाहीत. मला दोन्ही तटांना थोडेथोडे बोलावयाचे आहे.

पहिली गोष्ट अशी की, आई कामावर जाते ही काही आज उपटलेली रीत नव्हे. माझे माहेर जुन्नर तालुक्यातले. माझी आई खुरपणीला जाई तेव्हा धाकट्याची झोळी बांधाच्या बाभळीला बांधलेली असे. मूल रडले की खुरपे टाकून ती दोन पावलांवर जाऊन त्याला पाजी आणि पुन्हा पातीला लागे. तिला कोणी ‘नोकरी करणारी आई’ म्हटले नाही, कारण तिच्या हातावर पगार पडत नव्हता. फरक पडला तो काम शेतावरून कारखान्यात गेले तेव्हा. शेताच्या बांधावर झोळी चालते. यंत्राच्या शेजारी ती कशी चालावी? आणि फाटकावरचा रखवालदार मुलाला आत सोडील तरी कसा? म्हणजे काम पूर्वीही होतेच. आता कामाच्या आणि मुलाच्या मध्ये एक फाटक आले, आणि आपला सगळा प्रश्न त्या फाटकाचा आहे.

हे फाटक मुंबईच्या गिरण्यांत आपल्या आधी आले. तेथील गिरणकामगार आयांनी काय केले हे ऐकून अंगावर काटा येतो. दिवसभर मूल शांत पडून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी देत. ‘बाळागोळी’ म्हणत तिला. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या श्रमिक आयोगाने १९३१ सालच्या अहवालात या चालीची दखल घेतली. त्या आया काय मुलांच्या वैरिणी होत्या? मुळीच नाही. मूल ठेवावयास जागा नाही, बघावयास माणूस नाही आणि खाडा केला तर चूल पेटत नाही, अशा कोंडीतून ती गोळी आली. त्याच मुंबई इलाख्यात १९२८ साली प्रसूतीच्या रजेचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कायदेमंडळात त्याची बाजू घेतली. बाळंतपणाच्या आगेमागे आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ साली तो कायदा झाला. मूल हे एकट्या आईचे ओझे नसून सर्वांची ठेव आहे, हा विचार आपल्या प्रांतात जवळजवळ शंभर वर्षांचा आहे. आपणच तो विसरलो.

आता आपल्या गावाकडे येऊ. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. पेनिसिलीनच्या त्या कारखान्याला जागतिक आरोग्य संघटनेने आणि संयुक्त राष्ट्रांच्या बालनिधीने, म्हणजे युनिसेफने, हात दिला होता. जगभरच्या मुलांसाठी काढलेल्या निधीचा हात आपल्या औद्योगिक वस्तीच्या पायाला लागला, ही गोष्ट मला मोठी सूचक वाटते. पुढे औद्योगिक विकास महामंडळ आले, भोसरी आणि आकुर्डीची शेते गेली आणि शेड उभ्या राहिल्या. १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका. मोटारींचे कारखाने चाकणच्या कांद्याच्या बाजारापलीकडे जाऊन पोहोचले.

याच पिंपरीच्या टेल्को कंपनीने १९७४ साली इंजिनिअर पाहिजेत म्हणून जाहिरात दिली, तीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे लिहिले होते. सुधा कुलकर्णी नावाच्या मुलीने थेट जे. आर. डी. टाटांना कार्ड टाकले, मुलाखतीला बोलावणे आले आणि तिला नोकरी मिळाली. त्याच आजच्या सुधा मूर्ती. आणि अलीकडे तेथेच मोटारी जोडणाऱ्या एका ओळीवर दीड हजाराहून अधिक मुली काम करतात. चाकणला मोटारसायकली जोडणारी बायकांची ओळ झाली. पन्नास वर्षांत फाटक बायकांसाठी उघडले. परंतु त्या मुली आई झाल्या की त्यांचे काय होते, याची चौकशी फाटकाबाहेर फारशी कोणी करीत नाही.

आता माझी गोष्ट सांगते. ही सांगावी की नाही याचा आठ दिवस विचार केला. मुलीला विचारले. ती म्हणाली, “सांग आई, सांगितल्याशिवाय तुझ्या बोलण्याला अर्थ नाही.”

१९८५ साली यजमानांच्या कारखान्यातला संप लांबला. दोन महिने किराणा उधारीवर चालला. तिसऱ्या महिन्यात दुकानदाराने वही मिटली. तेव्हा मी नोकरी धरली. मुलगी नऊ वर्षांची होती आणि मुलगा दोन वर्षांचा. सकाळी मूल चाळीतल्या एका मावशींकडे ठेवी. मुलीची शाळा सकाळची. ती बाराला येऊन भावाला ताब्यात घेई, त्याला वरणभात भरवी, निजवी, खेळवी. मी सहाला परत येई. संप मिटला, यजमान कामावर रुजू झाले, पण माझी नोकरी चालूच राहिली. कारण उधारी फिटावयाची होती आणि खरे सांगायचे तर मला ती आवडू लागली होती. पगाराचे पाकीट हातात घेताना माझी मान थोडी ताठ होई. यात लपवण्यासारखे काय आहे?

लोक विचारीत, “मुलगा आईवेगळा राहतो, बिघडणार नाही का?” मलाही तीच धास्ती असे. रात्री त्याला कुशीत घेऊन मी त्याच्या कपाळावरून हात फिरवीत बसे. मुलगा बिघडला नाही. शिकला, मार्गी लागला, आजही दिवसाआड फोन करतो. माझ्या नोकरीने मुलाचे नुकसान झाले नाही. नुकसान झाले ते मुलीचे, आणि तिकडे माझे लक्षच नव्हते.

१९८८ साली ती सातवीत होती. शिष्यवृत्ती परीक्षेसाठी तिच्या बाईंनी निवडक मुलींचा वर्ग सुरू केला. वेळ चार ते सहा. ही पहिले चार दिवस गेली, मग बंद झाली. बाई घरी आल्या, म्हणाल्या, “मुलगी हुशार आहे, पाठवा.” मी म्हटले, “बाई, धाकट्याला कोण बघेल?” बाई काही न बोलता चहा घेऊन गेल्या. मुलीने परीक्षा दिली नाही आणि त्याबद्दल एक शब्द काढला नाही. तिची न बोलण्याची ही सवय मी ‘समजूतदारपणा’ म्हणून चारचौघींत मिरवली.

भगिनींनो, यजमानांची तेव्हा पहिली पाळी असे. साडेतीनला सुटून ते चारला घरी येत. चहा घेत आणि चौकात मित्रमंडळींत जाऊन बसत. चार ते सहा! नेमके तेच दोन तास. त्यांना ‘आज पोराला तुम्ही बघा’ म्हणावे, हे ना त्यांना सुचले, ना मुलीला, ना मला. माणूस वाईट नव्हता. सांगितले असते तर कुरकुरत का होईना त्यांनी बघितलेही असते. परंतु मूल सांभाळणे हे बाईचे काम, आणि बाई नसेल तर लहान बाईचे, हा हिशेब आमच्या सगळ्यांच्या डोक्यात इतका पक्का होता की नऊ वर्षांची पोर त्यात ‘बाई’ कधी झाली ते कळलेच नाही.

पुढे वाचनात आले की हा प्रश्न ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना किती आधी उमगला होता. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेऊ, यातून अंगणवाडी निघाली. पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांवर त्यांना दिसले की थोरली मुलगी शाळेत येत नाही, कारण कडेवर धाकटे भावंड असते. त्यांनी मुलीला उपदेश केला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणल्या. विकासवाडी म्हणत तिला. धाकटे पाळण्यात आणि थोरली पाटीपुस्तकाशी, अशी ती सोय. हे वाचले त्या दिवशी मला माझ्या मुलीची बाई आठवली, आणि चहाचा तो रिकामा कप.

आता विद्वान काय म्हणतात तेही थोडे सांगते, कारण आपल्याकडे विद्वानांचे नाव घेऊन आयांना घाबरवण्याची चाल आहे. जॉन बोल्बी नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला. आईच्या मायेला मुकलेल्या मुलांची वाढ खुंटते, असे त्यात होते. लोकांनी त्याचा अर्थ लावला की आईने घराबाहेर पाऊल टाकू नये. परंतु त्या अहवालाचा मुख्य आधार अनाथालयांत आणि संस्थांत वाढलेली, घरच नसलेली मुले हा होता; संध्याकाळी सहाला परत येणाऱ्या आईची मुले नव्हेत. नंतर अमेरिकेत १९९१ पासून हजाराहून अधिक मुलांना जन्मापासून पाहत गेले. त्यात आढळले की मूल घडण्यात आईबापांच्या वागण्याचा आणि घरच्या वातावरणाचा वाटा सर्वांत मोठा. सांभाळणारी जागा चांगली असेल तर मुलांची भाषा व बुद्धी सुधारते. पण फार लांब तास गर्दीच्या पाळणाघरात काढणाऱ्या मुलांत हूडपणा थोडा अधिक दिसला, हेही त्यात आहे आणि ते आपण लपवू नये. एकोणतीस देशांतील माहिती पाहून केलेल्या आणखी एका अभ्यासात दिसले की नोकरी करणाऱ्या आयांच्या मुली मोठेपणी अधिक प्रमाणात नोकरीत असतात, आणि मुलगे घरच्यांची देखभाल करण्यास थोडा अधिक वेळ देतात.

म्हणजे आई नोकरी करते की नाही एवढ्यावरून मुलाचे भवितव्य सांगता येत नाही. मूल त्या वेळात कोणाच्या हाती आहे, ते हात मायेचे आहेत का, आणि आईबाप घरी आल्यावर माणसात आहेत की नुसते थकून पडले आहेत, यावर ते ठरते. घरी बसणाऱ्या आईच्या मुलाच्या हातातही दिवसभर मोबाइल असतो, हे आपण आपल्याच जिन्यात पाहतो. ती आधुनिक बाळागोळीच नव्हे काय?

आणि थकव्याचे म्हणाल तर सरकारनेच १९ साली, म्हणजे २०१९ साली, देशभर वेळेची पाहणी केली. घरकाम करणारी स्त्री तेव्हा दिवसाला त्यात सरासरी २९९ मिनिटे घालवीत होती. घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटे. पाच तास आणि दीड तास! कारखान्यातली पाळी संपवून आलेल्या बाईची ही दुसरी पाळी, हिला ना भत्ता ना सुट्टी. मुलाला गोष्ट सांगावयास तिच्या अंगात त्राण उरत नाही, आणि मग आपणच म्हणतो, ‘आईला वेळ नाही’.

कायद्याने आपल्याला काय दिले आहे हेही ठाऊक असावे. १९४८ च्या कारखाना कायद्यात पाळणाघराची तरतूद होती. १९७६ पासून तीसपेक्षा अधिक कामगार स्त्रिया असलेल्या कारखान्याला ती लागू झाली. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवे, आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे मुलाकडे जाता आले पाहिजे, असेही ठरले. ही कलमे पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आली. कागद उत्तम आहे. परंतु आपल्या गल्लीतल्या किती मुली ठेकेदाराकडे आहेत? पोट दिसू लागले की ‘आता थोडे दिवस घरी बस’ म्हणतात, आणि त्या थोड्या दिवसांचा शेवट पुन्हा नव्याने काम शोधण्यात होतो. ज्या लहान शेडमध्ये दहाबारा बायका काम करतात, तेथे कोणते पाळणाघर? डिसेंबर २०२३ मध्ये तळवड्याला वाढदिवसाच्या केकवर लावण्याच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या शेडला आग लागून कितीतरी बायका गेल्या. अशा शेडमध्ये आपल्यासारख्याच घरांतल्या लेकी-सुना जातात. त्यांना कामावर जाऊ नका म्हणणे सोपे आहे. त्यांच्या चुलीत लाकूड कोण घालणार?

आता शेवटचे आणि माझ्या घरातले. माझी नात डिप्लोमा होऊन चाकणला एका वाहनांच्या कारखान्यात आहे. तिला पहिले मूल झाले. सव्वीस आठवड्यांची रजा संपत आली तशी घरात बैठक बसली. सगळ्यांच्या नजरा हळूहळू माझ्या मुलीकडे वळल्या. ती एका पतपेढीत नोकरीला आहे, निवृत्तीला अजून अवकाश आहे. “आजीपेक्षा मायेचे कोण?” असे व्याही म्हणाले. मीही मान डोलावली, हे कबूल करते. तेव्हा माझी न बोलणारी मुलगी बोलली. म्हणाली, “आई, माझी शिष्यवृत्ती दुसऱ्यांदा बुडवायची का?”

भगिनींनो, सदतीस वर्षांनी तिने तो शब्द उच्चारला. मला वाटले होते ती विसरली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. एका घरात तीन पिढ्यांच्या बाया नोकऱ्या करतात, आणि तिन्ही पिढ्यांची किंमत एकाच मुलीकडून वसूल होते, हा कोठला न्याय? सकाळी मी नातजावयाला बोलावले. त्यांना मी जे यजमानांना कधी म्हटले नाही ते म्हटले. त्यांनी ऐकले. आता दोघांच्या पाळ्या उलटसुलट लागल्या की एक जण घरी असतो. मधले दोनतीन तास मी सांभाळते. बाळाला अंघोळ घालावयास जावईबापू शिकले, आणि बरी घालतात. पण आठवड्याची पाळी बदलली की घडी विस्कटते. माझे वय सत्तरीपार. माझ्या गुडघ्यांवर ही व्यवस्था किती दिवस चालणार?

म्हणून माझे मागणे. मंडळाचे हे दालन सकाळपासून दुपारी चारपर्यंत कुलूपबंद असते. भजन, शिवण आणि भिशी सगळे चारनंतर. हे दालन सकाळी सहा ते दुपारी चार पाळणाघरासाठी द्यावे. दहा मुलांपासून आरंभ करावा. सांभाळणाऱ्या दोघी बाया आपल्या वस्तीतल्याच असाव्यात, त्यांना आधी शिक्षण द्यावे आणि रीतसर पगार द्यावा. ‘सेवा’ म्हणून फुकट राबवू नये. नाहीतर पुन्हा कोणाची तरी मुलगी कमी खर्चाची म्हणून त्यात अडकेल. आयांनी ऐपतीप्रमाणे फी द्यावी. मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत बांधकामावरच्या मजुरांच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरे सुरू केली, तेव्हा त्यांच्याजवळ दालनही नव्हते. आपल्याजवळ पंखे आहेत, नळ आहे, आणि दुपारी मोकळे असलेले पाचसात आजोबा आहेत. त्यांनाही गोष्टी सांगावयास बसवू. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची केंद्र सरकारची ‘पालना’ योजना आहे, तिची चौकशी बालविकास कार्यालयात मंडळाच्या पत्राने करावी. आणि ज्या कारखान्यांत आपल्या लेकी जातात, त्यांच्याकडे पाळणाघराची मागणी सह्यांनिशी न्यावी. पहिली सही माझी.

खर्चाचे काय, असे कोणी विचारील. या वर्धापनदिनाच्या मांडवाला आणि जेवणाला जे लागले त्यातून दोन मुलांच्या गाद्या, भांडी आणि खेळणी नक्की आली असती. मी जेवण करू नका म्हणत नाही. श्रीखंड उत्तम होते.

ज्या भगिनी नोकरी करीत नाहीत त्यांना माझे सांगणे की, या मुलींना नावे ठेवू नका. त्यांचे मूल अर्धा तास धरा. ज्या नोकरी करतात त्यांना सांगणे की, अपराधी वाटून मुलाला खाऊने आणि खेळण्याने भरपाई देऊ नका. घरी आल्यावर अर्धा तास त्याच्याजवळ बसा आणि चहा दुसऱ्या कोणाला करू द्या. आणि सर्वांना सांगणे की, घरातल्या थोरल्या मुलीकडे एकदा नीट बघा. ती फार समजूतदार असेल, तर तिचे काय बुडते आहे ते विचारा.

माझी मुलगी आज मागच्या रांगेत बसली आहे. तिला मी या वयात शिष्यवृत्ती देऊ शकत नाही. निदान हे दालन उघडले तर पुढच्या एखाद्या सातवीतल्या मुलीचे चार ते सहा तिचे तिला मिळतील. त्यासाठी पाळणाघर चारऐवजी सहापर्यंत ठेवावे लागले, तर भिशी तासभर उशिरा भरवू. तेवढी तयारी आपण दाखवावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.